इतर असल्यास नमूद करा

वाशीतलं सभागृह, दुसरा मजला.
एसी इतका की पाहुण्यांनी फाइली छातीशी धरलेल्या.
माझं काम माइक फिरवण्याचं.
पडद्यावर एक आकडा:
सहा पूर्णांक आठ.

डॉक्टर टिपणीस म्हणतात, हा फार कमी आहे,
एवढ्यावर साथीचं गणित उभंच राहत नाही.
प्राध्यापक कोनकर म्हणतात, उलट फुगवलेला आहे,
निधी त्याच्याच मागून चालत येतो.
मग नमुना, मग नमुन्यातली चूक,
मग कुणीतरी 'कोअर ग्रुप' म्हणतं
आणि कुणीतरी, तो शब्द आता वापरत नाहीत.
पुढची पाच मिनिटं शब्दावर जातात.
मी या टोकाचा माइक त्या टोकाला नेतो.

सहा पूर्णांक आठला मी ओळखतो.
माझ्याच हातचा आहे तो.
तुर्भ्यात, ट्रक उभे राहतात त्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांत,
दुपारी दोन ते चार,
एका फॉर्मचे साठ रुपये.

गेल्या आठवड्यात किती गिऱ्हाइकं?
नागरत्ना तवा घासत होती. मान न वळवता म्हणाली, सात.
फुलमायाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सात.
आठवत नसेल तर?
सात लिही रे.
बारा म्हटलं की तू आणखी एक पान काढतोस,
तीन म्हटलं की तोंडाकडे बघत बसतोस.
सातावर उठतोस.

दर दहा फॉर्मांत एखादी पाच सांगायची.
ती नवीन असायची, मोजून सांगायची.
सातात जी दोन दशांशांची तूट आहे
ती तेवढी खरी.

आता पडद्यावर बाण.
बाईपासून ड्रायव्हर, ड्रायव्हरपासून गावाकडची बायको,
बायकोपासून मूल.
ड्रायव्हरला यांच्या भाषेत पूल म्हणतात.
खाडीवरचा पूल इथून जवळच आहे,
त्याच्यावरून दोन्हीकडची वाहतूक चालते.

शेवटच्या रांगेत नागरत्ना,
गळ्यात कार्ड: समुदाय प्रतिनिधी. नावात चूक.
तिने हात वर केला. मी माइक दिला.
तिने तो आधी पदराने पुसला.
"साहेब, बाण माझ्यापासून निघालाय.
माझ्यापर्यंत कुठून आला
तो कागद फाटला का?"

दोघं हसले. एकाने लिहून घेतलं.
टिपणीस म्हणाल्या, महत्त्वाचा मुद्दा आहे,
अहवालात 'मर्यादा' या मथळ्याखाली घेऊ.

फॉर्मात शेवटचा प्रश्न एकतिसावा होता.
इतर असल्यास नमूद करा.
ठिपक्यांच्या दोन ओळी. मी बारीक अक्षरात लिहायचो:

कांदा-बटाटा मार्केटचा संप, अकरा दिवस. दर निम्म्यावर.
बिना निरोधचा म्हणाला, त्याला नाही म्हणता आलं नाही.
सिलिंडर संपला होता.

पर्समध्ये पाकिटं सापडली म्हणून हवालदाराने रात्रभर बसवून ठेवलं.
तेव्हापासून पाकिटं पिठाच्या डब्यात.
डबा खोलीत, गिऱ्हाईक गाडीत.

गोळ्यांच्या रांगेत गावचा माणूस दिसला.
परत आली. (तोही रांगेतच होता,
हे मी तिला सुचवलं. ती म्हणाली, त्याला कोण विचारणार.)

डेटा भरणारी मुलगी म्हणाली, याला कोड नाही.
मग?
मग नव्व्याण्णव. म्हणजे उत्तर नाही.

जेवणाच्या रांगेत नागरत्नाने कागदी रुमालात
दोन कटलेट गुंडाळले, फुलमायासाठी.
मला विचारलं,
त्या दिवशी माझं काय लिहिलंस?
सात.
ती कटलेटच्या घडीकडे बघत राहिली.
"त्या आठवड्यात एकही नव्हता रे.
ताप होता."

माइकची बॅटरी बदलायची होती.
दोननंतरच्या सत्राचा विषय दारावर लावलेला:
माहितीसंकलनातील काटेकोरपणा.
मी सेल शोधायला खाली गेलो.